वाचकांचे प्रश्न: गोल्फ कार्टला लिथियम टाकू, की पेट्रोलची घेऊ?

प्रश्न: नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला आमचं छोटं रिसॉर्ट आहे. गेटपासून खोल्यांपर्यंत पाहुणे न्यायला चार सीटची 48 व्होल्टची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट आहे. 12 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, चौथं वर्ष चालू. रोज पंधराएक किलोमीटर होतात. दुपारपर्यंत ठीक, पण संध्याकाळी चार माणसं बसली की चढावर रांगते. मागची उजवी बॅटरी दोनदा बदलली, तरी तीच बसते. मेकॅनिक म्हणतो लिथियम टाका, भाऊ म्हणतो विका आणि ‘गॅस’वाली घ्या. सिंहस्थाच्या गर्दीआधी ठरवायचं आहे. (एक वाचक, गिरणारे)

उत्तर: आधी ‘गॅस’चा घोळ मिटवू. अमेरिकन कॅटलॉगमध्ये गॅस म्हणजे पेट्रोल. सिलिंडरशी किंवा सीएनजीशी त्याचा संबंध नाही. आणि आहे त्या गाडीत इंजिन बसवता येईल या भ्रमात राहू नका. चासी, मागचा गिअरबॉक्स, रिव्हर्सची व्यवस्था, सगळंच वेगळं असतं.

तीच बॅटरी पुन्हा पुन्हा बसते, यातच निम्मं उत्तर आहे. सीट उचला आणि हेडलाइट व म्युझिक सिस्टीमच्या वायरी कुठे जातात ते पाहा. बहुतेक त्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढलेले असतील. मोटर चारही बॅटऱ्यांतून सारखं घेते, पण दिव्यांचा भार एकीवरच. चार्जर चौघींना एका रांगेत सारखाच करंट देतो, म्हणून ती एक कधी पूर्ण भरत नाही आणि बाकी तिघी जास्त चार्ज होऊन पाणी उडवतात. त्यात जुन्या तिघींत नवी एक घालणं म्हणजे पैसे पाण्यात. 48 चे 12 व्होल्ट करणारा 15 अँपिअरचा कन्व्हर्टर बसवा. लिथियम घेतलं तरी तो लागणारच आहे, कारण त्या बंद पॅकमधून मध्येच 12 व्होल्ट काढता येत नाहीत.

मग तपासणी. रात्रभर पूर्ण चार्ज करा, प्लग काढून सहा-आठ तास गाडी तशीच ठेवा आणि मल्टीमीटरने प्रत्येक बॅटरी मोजा. 12.6 ते 12.7 यायला हवेत. आता वायरी लांब करून मीटर सीटवर घ्या, चार माणसं बसवून चढ चढा. चढताना जी 10.5 च्या खाली जाते ती संपली. झाकणं उघडता येत असतील तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरही लावा: भरलेल्या सेलचं रीडिंग 1.265 च्या आसपास असतं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर ती बॅटरी वाचत नाही. पाणी डिस्टिल्डच, तेही चार्जिंग झाल्यावर; बोअरचं अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला झाकण उघडून बघा. चढून आल्यावर टर्मिनलचे लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) गरम लागले तर जोड ढिला आहे. टायरमधली हवाही बघून घ्या. 20 पीएसआयच्या जागी 10 असेल तर नवी बॅटरीसुद्धा दमते.

चौथ्या वर्षी बाकीच्या तिघीही थकलेल्याच निघतील, असा आमचा अंदाज. तसं झालं तर लिथियम घ्या, पेट्रोल नको. रात्री लाइट गेली की लेड-ॲसिड अर्धवट चार्ज राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची घटते. लिथियमला अर्धवट चार्ज चालतो. दुपारी तासभर लावलं तरी बिघडत नाही. वजनाचाही फरक पडतो. तुमच्या चार बॅटऱ्या मिळून दीडशे किलोच्या पुढे, 100 एएचचा लिथियम पॅक पन्नासच्या आत.

घेताना मात्र बीएमएसवर, म्हणजे पॅकमधल्या करंटवर लक्ष ठेवून गरज पडली तर तो तोडणाऱ्या सर्किटवर, अडून बसा. माणसांसकट 700 किलोची गाडी 10 टक्के चढावर ताशी 15 च्या वेगाने नेताना बॅटरीतून साधारण 90 अँपिअर खेचले जातात; 15 टक्क्यांवर 130. चढावर थांबून पुन्हा निघताना काही सेकंद 200 च्याही वर. स्वस्त पॅकचा बीएमएस 100 अँपिअरचा असतो. तो नेमका चढावर ट्रिप होतो आणि पाहुण्यांसकट गाडी जागीच उभी राहते. गवंड्याची पाण्याची नळी लावून चढ मोजा: 100 फुटांत 10 फूट उठाव म्हणजे 10 टक्के. बीएमएस सलग 200 अँपिअरचा हवा, आणि क्षणिक क्षमता कंट्रोलरच्या (मोटरला करंट सोडणारा डबा) लेबलवरच्या आकड्याहून कमी नको. पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), 16 सेलचा, 51.2 व्होल्टचा, चार्जरही त्याचाच, 58.4 व्होल्टचा. जुना चार्जर चालेल असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून पॅक घेऊ नका. डॅशबोर्डवरचा जुना चार्ज दाखवणारा मीटर लिथियमला खोटं बोलतो, तोही बदला. जुन्या बॅटऱ्या मोडीत वजनावर जातात, तेवढे पैसे बिलातून वजा करून घ्या.

पेट्रोल कार्ट दिवसभर न थांबता पळवायची असेल किंवा जागेवर वीजच नसेल, तरच. तुमच्या 15 किलोमीटरना वीज दोन-तीन युनिट, पेट्रोल लिटरभराच्या वर. शिवाय ऑइल, प्लग, बेल्ट. आणि धरणाकाठी शांततेसाठी आलेल्या पाहुण्याला सकाळी सहाला इंजिनची फटफट कशाला ऐकवायची?

प्रश्न: आमच्याकडे पेट्रोलची कार्ट आहे. पावसाळाभर उभी होती, आता चालूच होत नाही. (दिंडोरी)

उत्तर: आधी तिची 12 व्होल्ट बॅटरी बघा. या गाड्यांत पेडल दाबल्यावरच स्टार्टर फिरतो, त्यामुळे बॅटरी मेली की गाडी मेल्यासारखीच. स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नसेल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी तळाला बसतं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलचा खालचा स्क्रू सोडून तेही रिकामं करा, जेट साफ करा. पुढच्या जूनमध्ये पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मगच झाका.

प्रश्न: ई-रिक्षाचा 48 व्होल्टचा लिथियम पॅक स्वस्तात मिळतोय. कार्टला चालेल? (सातपूर)

उत्तर: नाशिकात गोल्फ क्लब म्हणजे क्रिकेटचं आणि सकाळी चालायचं मैदान. त्यामुळे कार्टला मेकॅनिक भेटतो तो ई-रिक्षाचाच आणि हाताशी असलेला पॅक सुचवतो. व्होल्टेज जुळतं, करंट जुळत नाही. ई-रिक्षाची मोटर एक-दीड किलोवॉटची, कार्टची तीन-चारची. सपाट आवारात, दोनच माणसं बसणार असतील तर निभेल. चढ असेल तर वर दिलेला 200 अँपिअरचा आकडा बीएमएसच्या लेबलवर शोधा. नसेल तर पॅक परत द्या.