आठ वर्षांच्या मुलीचे खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. सगळे पक्के दात येईपर्यंत थांबावे का?

थांबू नये; तिला आत्ताच ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यांना दाखवावे. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घेण्यास सांगते, कारण तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात येऊन जबड्यांची ठेवण दिसू लागते. अशा उलट्या चाव्यात वरचा दात खालच्या दाताला आतून रेटत राहतो, त्यामुळे खालच्या दाताची पुढची हिरडी खाली उतरू शकते आणि दातांच्या कडा झिजतात. दोष एक-दोन दातांपुरता असेल, तर काढता-घालता येणाऱ्या साध्या प्लेटने तो बहुधा काही महिन्यांत सुटतो. वरचा जबडाच मागे राहिला असेल, तर तो पुढे ओढणारा फेसमास्क (कपाळ व हनुवटीवर टेकणारे, चेहऱ्याबाहेरचे साधन) लावतात, आणि त्याचा गुण वयाच्या साधारण दहाव्या वर्षाच्या आत अधिक येतो. सगळ्या दातांना तारा बसवण्याची घाई मात्र या वयात सहसा नसते. खालचा जबडा मोठा असणे घराण्यात असेल, तर वयात येताना दोष पुन्हा उद्भवू शकतो, त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आई-वडिलांपैकी कुणाचा चावा असा असल्यास ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.