आधी डाव बघ

प्रिय पोरी,

पुण्याला होस्टेलवर चाललीस, म्हणून मेसचं पहिलं ताट समोर येण्याआधी आपल्या दोघींच्या दुधाच्या अ‍ॅलर्जीबद्दल हे लिहितेय.

गेल्या गेल्या मॅनेजरला नको, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना गाठ. नुसतं 'दूध चालत नाही' म्हणालीस तर त्या कोरा चहा देतील आणि पोळीला तूप लावतील. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, एकेक नाव घे. 'दूध पचत नाही' असं तर मुळीच म्हणू नकोस. ते दुधातल्या साखरेचं दुखणं, त्यात पोट बिघडतं. आपलं वाकडं दुधातल्या प्रथिनांशी, त्यात श्वास अडकू शकतो. दूध कितीही उकळलं तरी त्यातलं केसिन हे प्रथिन तग धरतं, आणि म्हशीचं किंवा शेळीचं घेतलं तरी सुटका नाही.

एका लग्नात मी बिनतुपाचं वरण मागून घेतलं होतं. वाढप्याने कढीतला डाव तसाच वरणात बुडवला. चौथ्या घासाला ओठ सुजले, हातावर गांधी उठल्या. तेव्हापासून मी पदार्थाआधी डाव बघते.

भाकरी, पिठलं, उसळ, कांदेपोहे हे आपले सोबती. थालीपिठावर लोण्याचा गोळा येतो, तो आधीच नको म्हण. नंतर काढून भागत नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची खरी, पण कोणी त्यात ताक घालतं. सत्यनारायणाला तीर्थ आणि शिरा, दोन्ही नको. हात जोड आणि केळं माग. आजीबाई रागावतील, रागावू देत.

पुड्यावर अ‍ॅलर्जीची सूचना छापायचा नियम 2020 च्या नियमावलीत आणखी स्पष्ट झालाय. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, सोडियम केसिनेट, सगळं दूधच. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीममध्येही केसिनेट निघतं. नेहमीचं बिस्कीट असलं तरी पुडा दर वेळी वाच.

डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन कपाटात नको, पाठीवरच्या बॅगेत ठेव. मांडीत कसं टोचायचं ते रूममेटला पहिल्याच रात्री दाखव. श्वास लागला तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून बसू नका. आधी इंजेक्शन, मग थेट हॉस्पिटल.

कॅल्शियमचं म्हणशील तर नाचणीत भरपूर असतं. दिवाळीला आलीस की लाडू वळून देईन. दाण्याचं कूट आणि गूळ घातला की तुपाशिवाय छान वळले जातात.

तुझी,
काकू