‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं कसं?’

“मॅडम, डॉक्टरांनी तुमच्याकडे जायला सांगितलं म्हणून आलोय. पण माझी मुलगी नाटकं करणाऱ्यातली नाही.” खुर्चीत टेकायच्या आधीच सईच्या आईने हे सांगून टाकलं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) हातात फुगलेली प्लॅस्टिकची फाईल. सई दहा वर्षांची, पाचवीतली, आईच्या पदराआड उभी.

सात महिने पोट दुखत होतं. रक्ताची तपासणी दोनदा, लघवी, शौच, दोन सोनोग्राफी. जंताचं औषध तीन वेळा देऊन झालेलं. आजीने बेंबीला हिंग लावला, दृष्ट काढली, बेंबी सरकली असेल म्हणून एका बाईंकडून पोट चोळूनही आणलं. सगळीकडून उत्तर एकच: काही नाही. त्या ‘काही नाही’चे घरात दोन अर्थ निघाले होते. वडिलांच्या मते शाळा बुडवायचे बहाणे. आईच्या मते डॉक्टरांना सापडत नाहीये, पुण्याला नेऊन एंडोस्कोपी करून घ्यावी. “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं कसं?” हा प्रश्न दोघांचाही होता, फक्त सूर वेगळा.

मी मुलांच्या मनाच्या प्रश्नांवर काम करते. पण डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं म्हणजे दुखणं मनाचंच, असं मी धरून चालत नाही. आधी शरीराचेच प्रश्न विचारते. दुखण्याने रात्री झोपमोड होते का? वजन उतरलंय का, उंची थांबलीय का? शौचातून रक्त, पुन्हा पुन्हा उलट्या, रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, लघवीला जळजळ? यातलं एक जरी ‘हो’ आलं तर माझं काम थांबतं आणि मूल परत बालरोगतज्ज्ञांकडे जातं. आणि नेमकं कुठे दुखतं? सईने अख्खा तळहात बेंबीवर ठेवला. जॉन ॲप्ले नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ म्हणत, दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका शारीरिक कारणाचा संशय जास्त. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे; पण विचारायला सोपा आहे. याच ॲप्लेंनी नोरा नेश यांच्यासोबत 1958 साली ब्रिस्टलच्या हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. दहातल्या साधारण एका मुलाचं पोट असं वरचेवर दुखत होतं. सईच्या आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा नीट टेकून बसली.

मग वही दिली. तीन आठवडे लिहायचं: कधी दुखलं, आधी काय खाल्लं, शौचाला झाली का, कशी झाली. शेवटचे दोन प्रश्न पाहून आई लाजली. “रोज जाते की ती.”

वहीने वडिलांचा अर्थ खोटा पाडला. सई रविवारीही दुखतंय म्हणत होती, आणि शाळेच्या दिवशी सकाळी जवळजवळ कधीच नाही. दुखणं यायचं ते शाळा सुटून घरी आल्यावर, पुन्हा रात्री अंथरुणावर पडल्यावर. ‘रोज जाते’चा उलगडाही झाला. रोज जात होती, पण खड्यांसारखं थोडंसं, कुंथून. पाण्याची बाटली शाळेतून भरलेली परत येत होती. मी विचारलं, तर सई आईकडे न बघता म्हणाली, “तिथल्या बाथरूमला कडी नाहीये. मैत्रिणीला दार धरायला लागतं, आणि ती मध्येच सोडते.” म्हणून पाणीच प्यायचं नाही. सात महिन्यांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. आणि मला खरंच वाटतं, आपल्याकडच्या कितीतरी पोटदुख्यांची सुरुवात शाळेच्या त्या दारापाशी होते.

चिठ्ठी लिहून तिला परत बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी बद्धकोष्ठतेवर औषध सुरू केलं आणि रोज जेवणानंतर दहा मिनिटं, पायांखाली पाट घेऊन, निवांत शौचाला बसायला सांगितलं. वडील शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले. आठवड्याभरात कडी बसली. दुखणं निम्म्यावर आलं. संध्याकाळचं गेलं, रात्रीचं राहिलं.

त्या राहिलेल्या दुखण्यापाशी आम्ही बरेच दिवस अडलो होतो. एकदा मी तिला पोटाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल काढला आणि आत काळे ठिपके. “हे काय?” “गाठी.”

सोनोग्राफीच्या अहवालात आतड्यांजवळच्या लसिका ग्रंथींचा उल्लेख होता, सगळ्यात मोठी 6 मिलिमीटर. डॉक्टरांनी आईला तेव्हाच सांगितलं होतं, एवढ्या ग्रंथी निरोगी मुलांच्या पोटातही सर्रास दिसतात, काळजी नको. पण ग्रंथीला आपण बोलताना म्हणतो गाठ. तपासणीच्या खोलीबाहेर कुणीतरी “गाठी म्हणजे टीबी तर नाही ना” असंही बोलून गेलं. आणि या घरात मागच्याच वर्षी आजोबा गेले होते. पोटात गाठ होती. आधी नुसतं दुखायचं, रिपोर्टही बरे यायचे, मग एकदम कळलं. हे सईला समोर बसवून कोणी सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात सांगावं लागत नाही.

“मलापण आजोबांसारखंच आहे ना?” तिने विचारलं. आई रडायला लागली. मी तिला रडू दिलं आणि सईला पुन्हा डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, नव्या तपासणीसाठी नव्हे, हाच प्रश्न तिने स्वतः त्यांना विचारावा म्हणून. त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी पट्टीवर तिला 6 मिलिमीटर दाखवले. म्हणाले, या पोलिस चौक्या आहेत, सर्दी-खोकल्याचे जंतू आले की थोड्या फुगतात. आजोबांची गाठ वेगळी होती.

रोगनिदान तेव्हा सांगितलं गेलं, त्याच्या नावासकट: कार्यात्मक पोटदुखी. पोटविकारतज्ज्ञांच्या ‘रोम निकषां’मध्ये, 2016 च्या आवृत्तीतही, ते रीतसर नोंदलेलं आहे. महिन्यातून किमान चार वेळा, किमान दोन महिने दुखणं, आणि योग्य तपासणीनंतरही दुसऱ्या आजाराने त्याचा पूर्ण उलगडा न होणं. ‘काही नाही’ आणि ‘हे आहे’ यात फरक आहे. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, मेंदूशी त्याची सतत निरोपानिरोपी चालू असते. या मुलांच्या बाबतीत आतड्यांच्या साध्या हालचालीही मेंदूपर्यंत वेदना होऊन पोचतात. दुखणं खरंच असतं. सोनोग्राफीत दिसण्यासारखं काही नसतं, एवढंच. एंडोस्कोपीचा विषय तिथेच मिटला.

माझ्याकडचं काम मग साधं होतं. सईला पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, झोपायच्या आधी पाच मिनिटं. अवघड काम आईचं: “दुखतंय का गं?” हे विचारणं बंद करायचं. तिला ते दुष्टपणाचं वाटलं. मी तिला लिन वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी पाजलं. काही पालकांनी दुखण्याची चौकशी करत राहायचं, काहींनी दुसरा विषय काढायचा, काहींना काहीच सूचना नव्हती. सूचना नसलेल्यांच्या तुलनेत चौकशी झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट भरल्या, विषय बदललेल्यांच्या निम्म्या. तरीही विषय बदलण्याने मुलाचं नुकसान होईल, असंच पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटत होतं. “म्हणजे मी एकटीच नाही,” ती म्हणाली. ठरलं असं: सईने स्वतः सांगितलं तर ऐकायचं, “कळलं, दुखतंय तुला” म्हणायचं, गरम पाण्याची पिशवी द्यायची, आणि मग भाजी निवडायला शेजारी बसवायचं. शाळा मात्र बुडवायची नाही.

चार महिन्यांत वहीची पानं कोरी जायला लागली. सहामाहीच्या आठवड्यात पुन्हा दोनदा दुखलं, आणि ते सईने स्वतःच निभावलं.

मागच्या महिन्यात मात्र रात्री आठला आईचा फोन आला. सई आदल्या रात्री दुखण्याने झोपेतून उठली होती, अंग गरम होतं, आणि दुखत होतं ओटीपोटात, बेंबीपाशी नाही. “तेच असेल का मॅडम? विषय बदलू का?” मी म्हटलं, विषय नका बदलू, आत्ताच डॉक्टरांकडे जा. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. औषधाने आठवड्यात बरी झाली. आजीने हिंगही लावलाच होता.