‘नाळ ओलांडून’ नव्हे, ‘वारेतून’

गर्भवतींसाठी माहितीपत्रक करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: “‘आईची प्रतिपिंडे नाळ ओलांडून गर्भाचे रक्षण करतात’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का? प्लॅसेंटाला नाळ म्हणतात ना?”

नाही. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी, बाळ जन्मल्यावर कापतात ती. प्लॅसेंटा म्हणजे वार. बाळंतपणानंतर “वार पडली का?” असं विचारतात ती हीच, आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टर “वार खाली आहे, जपा” म्हणतात तीही हीच. ग्रंथांतला शब्द ‘अपरा’, पण पत्रकात तो नको. वाचणारीला तो गणितातला वाटेल. मात्र ‘वार’ हा शब्द एकटा मथळ्यात टाकू नका. सोमवार-मंगळवार, तलवारीचा वार, लुगड्याचे नऊ वार अशी गर्दी आहे. वाक्यात एकदा ‘वार (प्लॅसेंटा)’ लिहिलं की काम भागतं.

माझी खरी हरकत ‘ओलांडून’ला आहे. उंबरठा ओलांडतो, नदी ओलांडतो. ओलांडणारा आपल्या पायांनी जातो. अँटीबॉडी (म्हणजे हीच प्रतिपिंडे, रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं) तशा जात नाहीत. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत शेजारी शेजारी वाहतं, पण मिसळत नाही. मधल्या पेशी आईच्या रक्तातला द्रव आत ओढून घेतात. त्या पेशींच्या आतल्या आम्लधर्मी पिशव्यांत एफसीआरएन नावाचं ग्राहीप्रथिन आयजीजी जातीच्या अँटीबॉडीला धरून ठेवतं आणि बाळाच्या बाजूला नेऊन सोडतं. आयजीएम, आयजीए या दुसऱ्या जातींना ते धरत नाही, म्हणून त्या मागेच राहतात. म्हणजे हा प्रवास नव्हे, पोचवणी आहे, आणि कर्ता वार आहे. पलीकडे पोचलेल्या अँटीबॉडी पुढे नाळेतल्या शिरेतून बाळाकडे जातात. ‘नाळेतून’ लिहिलंत तर चालेल, ‘नाळ ओलांडून’ नाही.

‘रक्षण करतात’ हेही सरसकट लिहू नका. पोचवणारी वार चांगलं-वाईट निवडत नाही. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह आणि आईच्या रक्तात त्या आरएच घटकाविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असल्या, तर त्याही इमानेइतबारे पोचतात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात.

‘प्रतिपिंड’ चूक नाही, करोनाच्या काळात वर्तमानपत्रांनी तो रुळवला. पण गर्भाच्या संदर्भात ‘गर्भपिंडाला प्रतिपिंड’ वाचताना मला अडखळायला होतं. मी ‘प्रतिद्रव्य’ किंवा सरळ ‘अँटीबॉडी’ लिहीन. मग वाक्य असं होईल: “आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी वारेमार्फत बाळाला मिळतात, आणि त्यांतला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत.” हे शेवटचं जोडाच. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकी, कधी तिच्याहून जास्त असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी कमी पडते. ‘शिदोरी’ मुद्दाम म्हणतोय, कारण ती संपते. दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते. आपल्याकडे गोवराची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात ती याच हिशेबाने: आईच्या अँटीबॉडी शिल्लक असताना दिली तर लस नीट लागू पडत नाही.

जाता जाता: गाईम्हशींच्या वारेला गोठ्यात ‘जार’ म्हणतात. पशुपालकांच्या पत्रकात मात्र वरचं वाक्य उचलून नेऊ नका. गाईच्या जारातून वासराला अँटीबॉडी मिळत नाहीत, त्या चिकातून मिळतात. आणि वासराचं आतडं त्या जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेतं, तेही तासागणिक कमी कमी. “जार पडू दे, मग पाजू” म्हणून वासराला ताटकळत ठेवणारे गोठे अजून आहेत. तिथे वाक्य हवं: “जाराची वाट न बघता तासाभरात चीक पाजा.” खरवसाचं नंतर बघू.