आईचा ताप, बाळाची उचल

"हिच्या अंगातला ताप बाळात उतरला असंल का ओ मॅडम?"

सासूबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. सून मागे दाराशी उभी. सातवा महिना संपत आलेला, मनगटाजवळ सलाईनच्या सुईची काळीनिळी खूण. फाइलमधल्या कागदांवर सगळं होतं: डेंग्यूची एनएस-वन तपासणी पॉझिटिव्ह, पाचव्या दिवशी प्लेटलेट 68 हजार, नंतर 92 हजार, मग डिस्चार्ज. तिला सुनंदा म्हणू, खरं नाव वेगळं आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. नवरा यंत्रमागावर, सासू विड्या वळते.

गरोदरपणात विषाणूचा ताप येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात हेच असतं: बाळ जन्मतःच कमजोर निघणार, त्याची प्रतिकारशक्ती मीच खाऊन टाकली. सुनंदाच्या बाबतीत त्यात घरचा गोंधळ मिसळला होता. शेजारीण म्हणे पपईच्या पाल्याचा रस पाज, प्लेटलेट वाढतात. सासू म्हणे पोटुशीला पपई? पाच दिवस घरात त्यावरून वाद, आणि पोरगी तापाने फणफणलेली. या एका भांडणात मी सासूच्या बाजूने. रस दिला नाही तेच बरं झालं. डेंग्यूच्या तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने, रक्तस्राव वाढू शकतो.

सुनंदाला आधी एवढंच सांगितलं की विषाणू रक्तात राहतो तो तापाचे पहिले चार-पाच दिवस, फार तर आठवडा. ताप जाऊन तीन आठवडे झालेत, म्हणजे तो कधीच गेला. ताप ऐन बाळंतपणाच्या तोंडावर आला असता तर मी वेगळं बोलले असते. तेव्हा विषाणू बाळापर्यंत पोचू शकतो आणि अशा बाळाला पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. वेळेआधी कळा आणि रक्तस्राव, या दोन भीतींपोटी डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं. तो धोका दोघांचाही होता आणि तो टळला होता.

"मग प्रतिकारशक्ती?" सुनंदा पहिल्यांदा बोलली.

मी नवऱ्याचं काम विचारलं. तो मालकाकडून उचल घेतो का? घेतो, दर दिवाळीला, मग आठवड्याच्या पगारातून कापली जाते. मग सोपं झालं. विषाणूशी लढताना आईच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे त्याला रोखणारी प्रथिनं, तयार होतात. त्यातल्या आयजीजी जातीच्या वारेतून बाळाकडे जातात, आणि सगळ्यात जास्त जातात त्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्या आईइतक्या, कधी आईपेक्षाही जास्त असतात. सातव्यात जन्मलेल्याला ही उचल अर्धवटच मिळते. म्हणजे तापाने बाळाचं काही काढून नेलं नव्हतं, उलट उचल आता कुठे मिळायला लागली होती. पण ती उचलच. साधारण महिन्याभरात निम्मी होते, पुढच्या महिन्यात त्याच्या निम्मी. बाळ स्वतः कमवायला लागेपर्यंतची सोय.

इथे मला माझी एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी अशाच एका आईला मी धीर देताना बोलून गेले होते, "आता तुझ्या बाळाला डेंग्यू होणारच नाही." चुकीचं होतं ते. डेंग्यूचे चार प्रकार, एकाच्या अँटिबॉडी बाकीच्यांपासून कायमचं राखत नाहीत. आईकडच्या अँटिबॉडी भरपूर असतात तोवर बाळाला राखतात. पण त्या विरळ झाल्या की विषाणूला रोखायला अपुऱ्या पडतात आणि उलट पेशीत शिरायला त्याला मदत करतात. म्हणून तान्ह्या बाळांमधला गंभीर डेंग्यू साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात जास्त दिसतो. हे मी सुनंदाला सांगितलं. भीती घालायला नाही, कॅलेंडरवर खूण करायला. बाळंतपणाची तारीख नोव्हेंबरअखेरची होती. सहा ते नऊ महिने म्हणजे जून ते ऑगस्ट, ऐन पावसाळा.

सगळ्या विषाणूंना हाच हिशेब लागत नाही. रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय धोक्यात येतात. बाळंतपणाच्या आगेमागे आईला कांजिण्या उठल्या तर बाळाला अँटिबॉडी मिळायला वेळच उरत नाही. आईला कावीळ-ब असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस, शक्यतो 12 तासांत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन. तेव्हा "मलाही ताप आला होता, काही झालं नाही" म्हणणाऱ्या शेजारणीला आधी विचारावं, कसला ताप आणि कितव्या महिन्यात.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न चिकाचा. "पयला चीक काढून टाकायचा म्हणतेत. त्यात तर समदा ताप असंल न्हवं?"

मावशींना सांगितलं, चिकात ताप नाही, बाळाच्या आतड्याला आतून लेप देणाऱ्या आयजीए अँटिबॉडी आहेत, त्याही पहिल्या दिवसांत सगळ्यात दाट. टाकायचा नाही. आणि विड्या वळून उठलात की साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. हे त्यांना आवडलं नाही. सूप मांडीवरून खाली ठेवताना तंबाखूची भुकटी लुगड्यावर उरतेच, हे त्यांनाही माहीत होतं.

मग पाण्याचं. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं, बॅरल, हौद. डेंग्यूच्या डासाला तेच साठवणीचं स्वच्छ पाणी लागतं. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. दर आठवड्याला पिंप रिकामं करून घासून घ्यायला सांगणं सोपं, पण नळच आला नाही तर बाई पाणी ओतून देणार कशी? म्हणून मी घट्ट झाकण्यावर भर देते. डास दिवसा चावतो, तेव्हा बाळाला दुपारीही मच्छरदाणी.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं, 2 किलो 800 ग्रॅम.

जुलैत त्या दोघी परत आल्या. बाळाला आदल्या रात्रीपासून ताप. पूर्वी तीन दिवस अंगारा लावून वाट पाहिली असती, यावेळी सकाळीच आल्या. डॉक्टरांनी रक्त काढलं, कान तपासले. एनएस-वन निगेटिव्ह, दुखणं कानाचं निघालं.

"उगं पैसं गेलं," सासूबाई म्हणाल्या, आणि बाळाला घ्यायच्या आधी बेसिनकडे वळल्या.