इंग्रजीतल्या ‘फेअर’ या विशेषणाचा नेमका अर्थ काय? गोरा, न्याय्य की ठीकठाक?

तिन्ही बरोबर. पुढं नाम कोणतं येतंय ते बघायचं. रंग किंवा केस असतील तर उजळ, हवा असेल तर निरभ्र, भाव किंवा निवाडा असेल तर रास्त. रेशनच्या पाटीवरचं ‘रास्त भाव दुकान’ म्हणजे फेअर प्राइस शॉपच.

दर्जा ठरवताना मात्र फेअर म्हणजे मधला, ठीकठाक. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असते. फेअर गुडच्याही खाली. याच शब्दाच्या नावाखाली माझं सोयाबीन परत आलं, म्हणून लिहितोय.

हमीभाव केंद्रावर माल ‘एफएक्यू’ लागतो, म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी. २०२४ च्या खरिपाला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बाजारात, चार-सव्वाचार हजारांच्या वर कोणी बोलत नव्हतं. सातबारा, पीकपेरा लावून नोंदणी केली, मेसेज आल्यावर भाड्याच्या ट्रॅक्टरनं माल नेला. ग्रेडरनं पोत्यातून मूठभर दाणे काढले, यंत्रात घातले. ओलाव्याचा आकडा आला १३.८. मर्यादा १२ टक्के. “एफएक्यू नाही, परत न्या.” तळहातावर दाणे धरून दाखवले त्याला. टपोरे, पिवळे, ना डाग ना काडीकचरा. त्यानं वर बघितलंही नाही. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं, माल तसाच मोंढ्यात गेला. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारनं त्या हंगामापुरता १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेतला. तोवर माझा माल विकून पट्टी झाली होती.

संक्रांतीला मेहुणे आले. ते इंग्रजीचे शिक्षक. चार पाहुण्यांसमोर म्हणाले, “दाजी, फेअर म्हणजे उत्तम. तुमचा माल उत्तम नव्हता, एवढंच.”

नाही. दर्जाच्या बाबतीत फेअरचा अर्थ उत्तम होतच नाही. सरकारला उत्तम हवा असता तर नियमात तसं लिहिलं असतं. मागितलाय तो मधला माल, सर्वसाधारण शेतात पिकतो तसा. अट ओलाव्याची होती, ती मोडली, एवढं म्हणा. माल हलका म्हणू नका.

तोच शब्द उसाला लावा. पूर्वी किमान वैधानिक दर असायचा, २००९ पासून एफआरपी आली. फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये. तिथं फेअर म्हणजे न्याय्य, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत ते पैसे मिळायला हवेत. माल मोजताना मधला, पैसे मोजताना न्याय्य. दोन्हीकडं अर्थ शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि शेतकऱ्यालाच तो कोणी सांगत नाही.

शाळेत फेअर म्हणजे गोरा इथून सुरुवात करतात, ते बंद करा. एका मोठ्या क्रीमनंसुद्धा २०२० मध्ये हा शब्द नावातून काढला.

आता ओलाव्याचं. ओला माल गोदामात बुरशी धरतो, वजनही घटतं, त्यामुळं मर्यादा हवीच, त्याला माझा विरोध नाही. माझं भांडण मेहुण्यांच्या अर्थाशी आहे. वर्गात तरी त्यांनी तो नीट सांगावा. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं सोयाबीनवाल्यांचीच आहेत.