'मिडल' घसरतं कुठे?

अनेक आशीर्वाद.

'मिडल' वापरून तू पाठवलेली 10 इंग्रजी वाक्यं वाचली. आठ बरी आहेत. दोन ठिकाणी 'मिडल' घसरलंय, आणि त्यात खोड तुझ्या इंग्रजीची कमी, आपल्या 'मध्ये'ची जास्त. डब्यामध्ये पोळी, दोघांमध्ये भांडण, रस्त्यामध्ये म्हैस, मध्ये ताप आला होता. सगळीकडे हा एकटाच राबतो. इंग्रजीत पोळीला 'इन' लागतं, भांडणाला 'बिट्वीन'. 'इन द मिडल ऑफ द रोड' फक्त म्हशीच्या वाट्याला येतं. तापाला यातलं काहीच लागत नाही.

आणि नेमकं तिथेच तू लिहिलंस, 'इन द मिडल आय वॉज सिक.' मला कळलं, कारण मीही 'मध्यंतरी' म्हणणाऱ्यांतला. इंग्रजी माणूस मात्र पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल: कशाच्या मिडलला? या शब्दाला दोन टोकं लागतात. रात्रीला ती असतात, सिनेमाला असतात, जेवणालाही असतात. तुझ्या 'मध्ये'ला नाहीत. तेव्हा सरळ 'आय वॉज सिक फॉर अ फ्यू डेज लास्ट मंथ' लिही.

दुसरं वाक्य फोटोचं. आईबाबांचा उल्लेख करून 'त्यांच्या मध्ये मी' म्हणायचं असेल, तर 'बिट्वीन माय पेरेंट्स'. तिघांच्या रांगेतला मधला कोण, असं कुणी विचारलं तर 'द वन इन द मिडल'. रेल्वेतला मिडल बर्थ आठव. वर एक, खाली एक, म्हणून तो मिडल. साइडला सहसा दोनच बर्थ, तिथे मिडल कुठून येणार?

आता 'सेंटर'. कंपासचं टोक कागदात रुततं तो बिंदू म्हणजे सेंटर; हा शब्द मुळात ग्रीकमधल्या अणकुचीदार टोकावरूनच आला. वर्तुळाला सेंटर असतं, शहराला असतं, वादालाही असतं. वेळेला नसतं. माझ्या पहिल्या नोकरीत डबा खाताना साहेबांचा फोन आला. मी ऐटीत म्हणालो, 'सर, आय एम इन द सेंटर ऑफ माय लंच.' पलीकडून प्रश्न आला, 'मग परीघ कुठाय?' घास तसाच तोंडात राहिला. काम चालू असताना कुणी गाठलं तर 'इन द मिडल ऑफ' आणि पुढे कामाचं नाव किंवा आयएनजीवालं क्रियापद: 'आय वॉज इन द मिडल ऑफ कुकिंग.' त्यातला 'द' गाळू नकोस. तू तो दोनदा गाळलायस.

'मध्ये बोलू नकोस' याचं इंग्रजी करताना तर 'मिडल'ला हातही लावायचा नाही. 'डोन्ट इंटरप्ट', संपलं.

पुढच्या खेपेला 10 नकोत, पाचच वाक्यं पाठव, पण त्या दिवशी खरंच घडलेली. फोन केलास तरी चालेल. फक्त दुपारी एकला नको, तेव्हा मी अजूनही लंचच्या सेंटरला असतो.